स्वतःच्या नजरेतून उतरलेला माणूस

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, त्यास आता शतक उलटून गेले आहे. परंतु मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची जी ख्याती झाली, तिच्या झळाळीत त्यातील एका सूक्ष्म मानसशास्त्रीय निरीक्षणाकडे आपले लक्ष जावे तितके गेलेले नाही. सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि शीघ्रकोपी वकील. भर न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते, आणि त्या मानहानीने पेटलेले मस्तक शांत व्हावे म्हणून त्याचाच कारकून तळीराम त्याला पहिल्या प्याल्याची वाट दाखवितो. पुढे सर्वनाश दृष्टीसमोर उभा राहिल्यावर तो मद्यत्यागाचा निश्चयही करतो. पण तो निश्चय उराशी धरून समाजाच्या दाराशी काम मागावयास गेल्यावर त्याच्या जुन्या लौकिकाची अशी काही आठवण त्याला करून दिली जाते की, सुटलेला प्याला पुन्हा ओठांशी येतो. व्यसनाचा आरंभ अवमानातून आणि त्याचे पुनरागमनही अवमानातूनच, अशी ही रचना आहे. मधल्या काळात मद्याने शरीरावर जो अंमल बसविला तो खराच. तथापि नाटककाराची नजर ज्या जखमेवर खिळली आहे ती माणसाच्या स्वतःविषयीच्या मताला झालेली जखम आहे, आणि व्यसनमुक्तीच्या मानसोपचाराला गेली ऐंशी-नव्वद वर्षे सर्वांत अधिक चकवीत आली आहे तीही हीच.

हा प्रश्न मूठभर माणसांचा नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे, मद्यसेवन करतात. त्यांपैकी सुमारे २.९ कोटी माणसे मद्याच्या पूर्ण आधीन झालेली आहेत, आणि अशा दर ३८ जणांमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे साहाय्य मिळाल्याचे आढळले. ज्याला ते मिळते त्याचा पहिला टप्पा आता बहुतेकांस ठाऊक असतो. हातांचा कंप, उडालेली झोप, क्वचित भ्रम आणि झटके, गर्द ओढणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती अंग पिळवटून टाकणारी अवस्था, यांतून औषधांच्या साहाय्याने रुग्णाला आठ-दहा दिवसांत बाहेर काढता येते, आणि नातेवाईक मोठ्या समाधानाने म्हणतात की, चेहऱ्यावर तेज आले. परंतु नेमक्या याच सुमारास, धुके विरळ होऊ लागल्यावर, त्या माणसाला आठवू लागते. गहाण पडलेले मंगळसूत्र आठवते. मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे कुठे गेले ते आठवते. वडिलांच्या अंत्यविधीला आपण कोणत्या अवस्थेत उभे होतो ते आठवते. आजवर हे सारे विसरण्याची जी एक हुकमी सोय होती ती आता राहिलेली नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे हल यांनी १९८१ साली असे प्रतिपादन केले होते की, मद्याचे एक मोठे आकर्षण हे की ते माणसाची स्वतःविषयीची जाणीव बोथट करते. ते खरे असेल, तर मद्य सोडलेल्या माणसाच्या वाट्याला प्रथम येते ती हीच जाणीव, तीही पूर्ण धारेची.

मानसोपचाराचे खरे कार्य येथून सुरू होते, आणि त्याचा विचार करावयाचा तर दोन शब्दांची फोड प्रथम केली पाहिजे. अभिवृत्ती म्हणजे एखाद्या वस्तूकडे, व्यक्तीकडे वा घटनेकडे पाहण्याचा मनाचा बऱ्यापैकी स्थिरावलेला कल. आणि आत्मसन्मान म्हणजे तोच कल जेव्हा स्वतःकडे वळतो तेव्हा त्याने दिलेला कौल. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्रविषयक महाग्रंथात आत्मसन्मानाचे एक अपूर्णांकाच्या रूपातील सूत्र मांडले. अंशस्थानी माणसाचे यश, छेदस्थानी त्याच्या आकांक्षा. अंश वाढला तरी भागाकार वाढतो आणि छेद घटला तरीही वाढतो. १९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग यांनी दहा विधानांची एक छोटी मापनश्रेणी तयार केली, आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील पुष्कळसे संशोधन आजही त्याच मोजपट्टीवर विसंबून असते. आपल्या भाषेत मात्र या विषयाची जुनी शब्दसंपदा निराळीच आहे. अब्रू, इभ्रत, पत, लौकिक, नाव हे सारे शब्द दुसऱ्याच्या नजरेत वसणाऱ्या गोष्टींचे आहेत. आणि ‘स्वतःच्या नजरेतून उतरणे’ या प्रयोगातही आपण स्वतःला जणू परक्याच्या डोळ्यांनी पाहतो. हा भाषेचा केवळ चमत्कार म्हणून मी नोंदवीत नाही. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या घराण्याच्या, आळीच्या आणि भावकीच्या नजरेत ठरते, तेथे आत्मसन्मानाचा उपचार एकट्या रुग्णाला खोलीत बसवून पुरा होईल ही अपेक्षाच मुळी अपुरी आहे. या मुद्द्याकडे पुढे परत यावेच लागेल.

आता मूळ वादाकडे वळू. स्वतःविषयीच्या हीन भावनेमुळे माणूस व्यसनाकडे वळतो, की व्यसनामुळे त्याच्या ठायी ती हीन भावना निर्माण होते? पहिल्या पक्षाचे समर्थक पुष्कळ आणि मातब्बर आहेत. मनोविश्लेषणाच्या परंपरेने व्यसनाकडे आंतरिक वेदनेवरचा स्वतः योजलेला उतारा म्हणून पाहिले, आणि एडवर्ड खांत्झियन यांनी १९८५ साली या दृष्टीला ‘स्व-औषधयोजने’च्या सिद्धान्ताचे सुघटित रूप दिले. दुसऱ्या पक्षाचे सर्वांत भक्कम साक्षीदार जॉर्ज व्हेलंट. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न अशा दीर्घ अभ्यासांत शेकडो पुरुषांची आयुष्ये दशकानुदशके नोंदली गेली होती. माणूस व्यसनी झाल्यानंतर त्याला मागचे विचारण्याऐवजी तो व्यसनी होण्यापूर्वीच्या नोंदी पाहण्याची दुर्मीळ संधी त्यामुळे लाभली. १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्हेलंट या निष्कर्षाला आले की, मद्यासक्तांच्या ठिकाणी दिसणारे दैन्य, चिडखोरपणा आणि आत्मअवहेलना ही बव्हंशी मद्यासक्तीची फळे आहेत, बीजे नव्हेत. दुःखी बालपणाची जी कहाणी रुग्ण सांगतो ती खोटी असते असे नाही. पण आजच्या काजळीतून पाहिल्यावर कालचा दिवसही काळवंडलेला दिसतो.

हा वाद पंडितांच्या सभेपुरता राहिला असता तर त्याचा येथे इतका विस्तार केला नसता. परंतु १९८६ साली कॅलिफोर्निया राज्यात जॉन व्हास्कॉन्सेलॉस या विधिमंडळ सदस्याच्या पुढाकाराने आत्मसन्मानाच्या प्रश्नावर एक सरकारी कृतिदल नेमले गेले, आणि आत्मसन्मान वाढविला की अमली पदार्थ, गुन्हेगारी आणि इतर अनेक सामाजिक व्याधींविरुद्ध जणू लस टोचल्यासारखे होईल, अशी आशा त्याने जगभर पसरविली. वस्तुतः त्या कृतिदलासाठी विद्यापीठातील अभ्यासकांनी जमविलेल्या पुराव्यातच हे संबंध बेताचे निघाले होते. आणि २००३ साली रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा कसून धांडोळा घेतला तेव्हा, आत्मसन्मान उंच असल्याने मुले धूम्रपान, मद्यपान वा अमली पदार्थ यांपासून दूर राहतात असे त्यांना आढळले नाही. तोंडभर स्तुती करून, आरशासमोर गौरववाक्ये म्हणवून घेऊन, भिंतीवर सुविचार टांगून जो आत्मसन्मान चढविला जातो, त्याला पाया नसतो. ज्याने काल पत्नीच्या डब्यातले पैसे चोरले त्याला आज ‘तू थोर आहेस’ असे सांगितले, तर तो दोहोंपैकी एक अनुमान काढील: सांगणारा भाबडा आहे, किंवा खोटे बोलत आहे. दोन्ही अनुमानांनी उपचारावरील विश्वास उडतो.

याच्या अगदी उलट टोकाची एक परंपरा होऊन गेली, आणि तिने केलेली हानी अधिक मोठी आहे. व्यसनी माणसाचा अहंकार हेच त्याच्या रोगाचे मूळ, तेव्हा तो प्रथम ठेचून काढावा आणि मग नवा माणूस घडवावा, असे मानणारी ही परंपरा. चार्ल्स डेडरिक याने १९५८ साली कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या ‘सिनॅनॉन’ या वसाहतीत एका माणसाला मध्ये बसवून इतरांनी त्याच्यावर शब्दांचा भडिमार करण्याचा प्रघात होता; ती वसाहत पुढे हिंसक पंथाच्या रूपाला गेली, पण तिच्या पद्धतीचे अनुकरण अनेक केंद्रांनी केले. आपल्याकडेही ‘याला चार शब्द सुनावल्याशिवाय हा सुधारणार नाही’ ही समजूत घरोघर आहे, आणि काही ठिकाणी उपचाराच्या नावाखाली मुंडण, मारहाण व कोंडून ठेवणे यांपर्यंत तिची मजल जाते. या समजुतीची कसोटी विल्यम मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पाहावयास मिळते. उपचारकाच्या बोलण्यात दोषारोप आणि प्रतिवाद जितका अधिक, तितके त्याच्या रुग्णाचे वर्षभरानंतरचे मद्यपान अधिक, असे त्यांना दिसून आले. मिलर यांनी त्यापूर्वी दहा वर्षे, १९८३ मध्ये, ज्या प्रेरणात्मक संभाषणपद्धतीची मांडणी केली होती तिचे मर्म या निष्कर्षाने उजळून निघते. रुग्णाची नाकबुली हा त्याच्या स्वभावाचा स्थायी दोष नसून पुष्कळदा ती समोरच्याने घातलेल्या वादाला दिलेले उत्तर असते. उपचारकाने सोडण्याचा पक्ष घेतला की रुग्ण आपसूक पिण्याचे वकीलपत्र घेतो. म्हणून उपचारकाने कौल देऊ नये, विचारावे. आणि सोडण्याच्या बाजूचे युक्तिवाद त्या माणसाच्याच तोंडून निघू द्यावेत. माणूस स्वतःच्या मुखाने जे बोलतो त्याकडे त्याची अभिवृत्ती हळूहळू झुकते, हे समाजमानसशास्त्राचे जुने निरीक्षण येथे रुग्णाच्या हितासाठी राबविले जाते. माझ्या मते अभिवृत्तीच्या उपचारातील गेल्या अर्धशतकातील ही सर्वांत मोठी प्राप्ती होय, कारण तिने तंत्राबरोबर सभ्यताही आणली.

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या बंधुमंडळाचा विचार या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी करावा लागतो, आणि तो करणे सोपे नाही. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांच्या भेटीतून १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी जन्मलेले हे मंडळ १९५७ पासून भारतातही कार्य करीत आहे, आणि मराठीतून चालणाऱ्या त्याच्या सभा अनेक गावांत भरतात. त्याच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी म्हणजे मद्यापुढील आपल्या असाहाय्यतेची कबुली. ज्याचा आत्मसन्मान आधीच धुळीस मिळाला आहे त्याला असाहाय्यतेची कबुली द्यावयास लावणे हा उफराटा न्याय नव्हे काय, अशी शंका कोणासही यावी. ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञाने १९७१ साली तिचे जे समाधान केले ते मला आजही मार्मिक वाटते. मद्यासक्ताचा अभिमान हा आपण केलेल्या कशाचा अभिमान नसून ‘मी ठरविले तर थांबू शकतो’ या आव्हानाचा अभिमान असतो. ते आव्हान सिद्ध करण्यासाठी तो थांबतो, आणि थांबता येते हे सिद्ध झाल्यावर सावधगिरीचे कारणच उरत नसल्याने पुन्हा प्रारंभ करतो. असाहाय्यतेची कबुली या झुंजीलाच पूर्णविराम देते. आणि बाराही पायऱ्या एकत्र पाहिल्या तर ध्यानात येते की, पहिली पायरी ही केवळ दार आहे. पुढे स्वतःच्या दोषांची निर्भीड मोजदाद, ती दुसऱ्या एका माणसापुढे उघड करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी, आणि भरपाईने त्यांना अधिक इजा होणार नसेल तेथे प्रत्यक्ष भरपाई, असा क्रम येतो. शेवटची पायरी दुसऱ्या व्यसनग्रस्ताच्या साहाय्याला जाण्याची आहे. म्हणजे गेलेली पत परत मिळविण्याची ही एक शिस्तवार कार्यवाहीच आहे, आणि तिच्या शेवटी, काल ज्याच्याकडून कोणी काही घेत नव्हते त्याच्यापाशी आज दुसऱ्याला देण्यासारखे काही असते.

तथापि सर्वांना हे दार सारखे रुंद नाही. जीन कर्कपॅट्रिक या स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेल्या अमेरिकन विदुषीने १९७५ च्या सुमारास केवळ स्त्रियांसाठी एक निराळी संघटना काढली, ती अशा भूमिकेतून की, अहंकाराचे विसर्जन हा उपाय ज्यांच्यापाशी अहंकार आहे अशा पुरुषांसाठी ठीक. जन्मभर नमतेच घेत आलेल्या स्त्रीला आणखी नमावयास सांगणे हा उपचार होऊ शकत नाही, तिला स्वतःच्या योग्यतेची जाण हवी. आपल्याकडे हा मुद्दा दुप्पट खरा आहे. पिणाऱ्या पुरुषाला घर सावरून धरते. पिणारी स्त्री घराबाहेर कोणाला कळू नये म्हणून कोंडली जाते, आणि ती उपचाराला येते तेव्हा अनेकदा तिच्यासोबत कोणीच आलेले नसते.

आता ज्या विचारसरणीने आत्मसन्मान या कल्पनेलाच आव्हान दिले तिच्याकडे येऊ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार हे अन्वर्थक नाव रूढ झाले आहे. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केलेले मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली, आणि १९९० साली ठाण्यात स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या द्वारा डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्यसनमुक्तीच्या कामात जोमाने वापरली. एलिस यांचे म्हणणे असे की, माणसाच्या कृत्यांचे मूल्यमापन करता येते, करावेही. परंतु संपूर्ण माणसाला एक गुण देऊन मोकळे होणे हा तर्कदोष आहे, मग तो गुण शून्य असो की शंभर. एका हंगामाचे पीक बुडाले म्हणून कोणी शेताचा सातबारा फाडून टाकीत नाही. आणि एक हंगाम भरघोस गेला म्हणून दुसऱ्या हंगामाची हमीही त्यावर लिहून मिळत नाही. ‘मी प्यायलो, खोटे बोललो, हे वाईट केले’ हे विधान सत्य असू शकते. ‘म्हणून मी वाईट, नालायक, फुकट गेलेला’ हे त्यातून निघणारे अनुमान नाही. यालाच एलिस विनाअट आत्मस्वीकार म्हणतात. आपल्या आवडत्या ‘न्यूनगंड’ आणि ‘अहंगंड’ या शब्दांची जोडी या दृष्टीने पाहिली की दोन्ही गंडांची गाठ एकच असल्याचे दिसते: स्वतःचा अखंड निवाडा करीत बसण्याची खोड. व्यसनमुक्ताच्या बाबतीत ही खोड प्राणघातक ठरू शकते, कारण सोडल्यानंतर सहा महिन्यांनी अंगात शिरलेला ‘मी जिंकलो’ हा उन्माद त्याला मित्रांच्या बैठकीत तितक्याच सहजतेने नेऊन बसवितो, जितक्या सहजतेने ‘मी हरलो’ ही खंत नेते.

आत्मस्वीकाराची सर्वांत कठोर परीक्षा घसरणीच्या दिवशी होते. ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली पुनःपतनप्रतिबंधावर जो ग्रंथ लिहिला त्यात पहिला घोट आणि पूर्ण पतन यांच्यामधील काही तासांच्या मनःस्थितीचे विश्लेषण आहे, आणि व्यसनमुक्तीच्या साहित्यात त्याच्याइतके उपयुक्त लेखन थोडेच असेल. चार महिने न प्यायलेला माणूस एका लग्नात एक पेला घेतो. त्या क्षणी त्याचे शरीर फारसे बिघडलेले नसते; बिघडते ते त्याचे स्पष्टीकरण. हे माझ्यामुळेच झाले, माझा स्वभावच असा, आणि तो बदलणारा नाही, अशा तीन पायऱ्यांनी तो खाली उतरतो, आणि तळाशी त्याला एक विलक्षण सुटका सापडते: बाटलोच आहे, तर आता सोवळे कसले? रात्र संपेपर्यंत एका पेल्याची बाटली होते आणि आठवडा संपेपर्यंत चार महिने वाहून जातात. मार्लाट यांचा उपाय असा की, घसरण ही शक्य कोटीतील घटना म्हणून आधीच रुग्णाशी बोलून ठेवावी, ती घडल्यास कोणाला फोन करावयाचा, कोणती जागा सोडावयाची हे ठरवून ठेवावे, आणि घडून गेल्यावर तिचा पंचनामा करावा, खटला चालवू नये. कोणती वेळ, कोणती संगत, कोणती तलफ, कोणता अपमान, एवढीच चौकशी. याला जोडून अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडलेली स्व-सामर्थ्यविश्वासाची कल्पना येते, आणि ती आत्मसन्मानाहून अधिक कामाची आहे. ‘मी चांगला माणूस आहे’ या श्रद्धेपेक्षा ‘शुक्रवारी पगार हाती आल्यावर गुत्त्याच्या गल्लीऐवजी मी दुसऱ्या रस्त्याने घरी जाऊ शकतो, कारण गेल्या तीन शुक्रवारी गेलो आहे’ हा विश्वास माणसाला अधिक दूर नेतो. तो विश्वास केलेल्या कृतीतून येतो, आणि प्रत्येक आठवड्याला त्यात थोडी भर पडते.

एका भेदाचा उल्लेख येथे केला नाही तर विवेचन लंगडे राहील. अपराधाची टोचणी आणि शरम या भावना आपण एकाच श्वासात उच्चारतो. पण जून टँग्नी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखविले की, त्यांची गती परस्परविरुद्ध आहे. टोचणी कृत्याविषयी असते आणि माणसाला दुरुस्तीकडे नेते. शरम स्वतःविषयी असते आणि माणसाला लपावयास लावते. २००५ सालच्या त्यांच्या एका अभ्यासात शरमेची प्रवृत्ती आणि व्यसनाच्या समस्या यांचा संबंध सरळ, तर टोचणीच्या प्रवृत्तीशी तो उलटा आढळला. म्हणजे रुग्णाला ‘जे झाले ते विसरून जा’ असे सांगणारा हितचिंतक त्याच्या हातातील एकमेव हत्यारच काढून घेतो. याहून बोधप्रद असा एक प्रयोग जेसन लुओमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. २८ दिवसांच्या निवासी उपचारातील १३३ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपक्रमांऐवजी सहा तास शरमेविषयी सामूहिक मार्गदर्शन देण्यात आले. त्यात शरम झटकून टाकण्याऐवजी तिच्यासह आपल्या मूल्यांप्रमाणे वागण्याचा अभ्यास होता. उपचार संपताना या गटाची शरम दुसऱ्या गटाहून कमी उतरलेली दिसली. चार महिन्यांनी मात्र चित्र पालटले: त्यांची शरम उतरत गेली होती आणि त्यांचे व्यसनही कमी होते, उलट निवासातच ज्यांची शरम झपाट्याने ओसरली होती ते पुढे अधिक प्रमाणात व्यसनाकडे वळले होते. निवासाच्या शेवटच्या दिवशी रुग्ण किती प्रसन्न दिसतो यावर उपचाराचे यश मोजणाऱ्या आपल्या पद्धतीविषयी हा प्रयोग गंभीर प्रश्न उपस्थित करतो.

कोणती पद्धती श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देतो, कारण तेथे सांगण्यासारखे फार नाही. १९९७ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या अमेरिकेतील प्रचंड प्रयोगात १,७२६ रुग्णांवर तीन पद्धती योजल्या गेल्या: विचार व वर्तन यांवरील उपचाराच्या बारा बैठका, बारा पायऱ्यांची ओळख करून देणाऱ्या बारा बैठका, आणि प्रेरणात्मक संभाषणाच्या केवळ चार. तिन्ही गटांत मोठी सुधारणा झाली आणि त्यांच्यात लक्षणीय अंतर पडले नाही. २०२० साली कॉक्रेन संघटनेच्या आढाव्यात सत्तावीस अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अखंड मद्यत्यागाच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार काहीसे सरस ठरले. आणि याचे श्रेय मी पायऱ्यांतील तत्त्वज्ञानापेक्षा, उपचार संपल्यावरही विनामूल्य चालू राहणाऱ्या सहवासाला देईन.

गोव्यात झालेला प्रयोग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आदी संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हानिकारक प्रमाणात मद्य पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर हा प्रयोग केला; समुपदेशन करणारे डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक लोक होते, आणि बैठका फार तर चार. तीन महिन्यांनंतर, मागील चौदा दिवसांत मद्याला स्पर्श न केलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. आदराने व कौशल्याने केलेल्या चार संभाषणांची एवढी शक्ती असेल, तर तज्ज्ञांचा तुटवडा ही सबब फारशी टिकत नाही. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट नोंदली गेली: घरातील हिंसाचार आणि बुडालेले कामाचे दिवस यांत तेवढ्या अवधीत लक्षणीय फरक पडला नाही. प्याला आधी दूर होतो; घरातील वागणूक आणि रोजगार यांना अधिक मुदत लागते.

ही मुदत कशी भरून काढावी याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रदीर्घ प्रात्यक्षिक पुण्यातील येरवडा येथे आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाचे बरेचसे काम व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच करतात. नवागत रुग्णाच्या दृष्टीने यातील अर्थ फार मोठा आहे. त्याच्या समोर बसलेला माणूस त्याला बरे होण्याची शक्यता समजावून सांगत नाही. तो स्वतःच ती शक्यता असतो. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आणि स्त्रीरुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग यांमागे, हा रोग एकट्याचा नसतो, ही जाण दिसते. व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे करण्याची जी प्रथा अशा केंद्रांत असते तिच्याकडे कोणी भाबडा उपचार म्हणून पाहील. पण त्या दिवशी त्या माणसाला दिली जाते ती स्तुती नसते, ३६५ दिवसांची पोच असते. व्हेलंट यांनी टिकाऊ मद्यमुक्तीची जी कारणे शोधून काढली त्यांत सक्तीची देखरेख, व्यसनाची जागा घेणारा दुसरा छंद आणि नवे जिव्हाळ्याचे संबंध यांच्या जोडीला आशा व आत्मसन्मान वाढविणाऱ्या समूहाचे सदस्यत्व हे एक होते. या चारांपैकी एकही गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही.

शब्दांविषयीही दोन शब्द. दारुडा, बेवडा, गर्दुल्ला ही विशेषणे आपण माणसाला नावासारखी चिकटवितो, आणि तो सुधारला तरी ती गावाच्या जिभेवरून उतरत नाहीत. जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० साली पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाचे वर्णन दोन शब्दप्रयोगांनी दिले. ज्यांच्या कागदावर त्याचा उल्लेख व्यसनविकार असलेली व्यक्ती असा न करता व्यसनखोर या अर्थाच्या शब्दाने झाला होता, त्यांनी त्यालाच अधिक दोषी आणि शिक्षेस पात्र मानले. प्रशिक्षित माणसांची ही गत असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची काय असेल ते निराळे सांगावयास नको.

म्हणून उपचाराचा जो भाग केंद्राच्या फाटकाबाहेर आहे त्याविषयी, ज्यांच्या घरी असा माणूस नुकताच परतला असेल त्यांना एक विनंती करून थांबतो. त्याला मोठी रक्कम देऊन त्याची परीक्षा पाहू नये, त्याचे तोंड हुंगू नये आणि त्याच्या जेवणाच्या ताटाशी जुना हिशेब उघडू नये. परंतु त्याला मोकळाही बसू देऊ नये. दळण आणणे, आईची औषधे वेळेवर देणे, मुलीला शाळेत पोचविणे, यांपैकी एखादे काम रोजच्या रोज त्याच्याकडे सोपवावे, ते त्याच्याचकडे राहू द्यावे, आणि झाल्यावर ‘झाले का? बरे झाले’ एवढेच म्हणावे.